झोटेरो-एंडनोटमधे जर्नलच्या नावाआधीचा ‘द’ कसा सांभाळायचा

नागपूरचं मेडिकल असो, मेयो असो की सेमिनरी हिल्सचं व्हेटर्नरी कॉलेज, थिसिस जमा करायची वेळ आली की पीजीवाले चॅप्टरात बुडालेले असतात अन् गाइड मात्र आधी मागचं पान उघडून रेफरन्स लिस्ट पाहतात. तिथे सातव्या नंबरवर ‘द लॅन्सेट’ (हा द म्हणजे इंग्रजीतला The) अन् एकविसाव्यावर नुसतं ‘लॅन्सेट’ दिसलं की झालं, पूर्ण लिस्टवर लाल पेन. बर्डीत बाइंडिंगला टाकायच्या आधी हे निपटवून टाका.

ही गडबड येते झोटेरो, एंडनोट या रेफरन्स सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरांत पेपर इम्पोर्ट करताना. डीओआय (पेपरचा ओळख नंबर) टाकून पेपर घेतला तर ‘द लॅन्सेट’ येतं, तोच पबमेड या मेडिकल पेपरांच्या साइटवरून उचलला तर द गायब, अन् वरून कंसात लंडन, इंग्लंड लागून येतं. ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’चं उलटं, जर्नलच्या साइटवर द नाही पण पबमेडच्या पूर्ण नावात आहे. सॉफ्टवेअरला ही दोन वेगळी जर्नलं वाटतात, त्याला काय समजणार बाप्पा.

म्हणून आधी एक ठरवा. पूर्ण नावाच्या रकान्यात जर्नल स्वतः जसं छापतं तसंच नाव, द असेल तर द सकट, अन् शॉर्ट नावाच्या रकान्यात द कधीच नाही. बरेच जण सगळीकडून द उडवून मोकळे होतात, मला ते पटत नाही, कारण पुढे तोच पेपर रेफरन्स लिहायची एपीए पद्धत वापरणाऱ्या जर्नलला पाठवायचा झाला तर तिथे ‘द लॅन्सेट’ असंच लागतं, मग कोणाला द होता अन् कोणाला नव्हता हे शोधत बसा. शिकागो पद्धतीत द गाळतात. व्हँकूव्हर पद्धतीत शॉर्ट नावंच वापरतात, ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’साठी ‘एन इंग्ल जे मेड’ सारखी, तिथे द चा प्रश्नच येत नाही.

आता झोटेरो. लायब्ररीत जर्नलच्या नावाचा कॉलम चालू करा, त्यावर क्लिक करून सॉर्ट करा, अन् द वाला एक घोळका अन् बिनदवाला दुसरा, दोन्ही नजरेखालून घाला. शंका आली तर आयएसएसएन (जर्नलचा ओळख नंबर) पहा, लॅन्सेटचा छापील अंकाचा 0140-6736 आहे, तो जुळला की जर्नल तेच, नाव काही का असेना. मग एकेक एंट्री उघडून नाव दुरुस्त करा अन् ‘जर्नल अ‍ॅब्र’चा रकाना भरा. व्हँकूव्हर असेल तर वर्डमधे झोटेरोच्या डॉक्युमेंट प्रेफरन्सेसमधे मेडलाइनची (पबमेडमागच्या डेटाबेसची) शॉर्ट नावं वापरायचा टिकबॉक्स असतो. तो चालू असला की झोटेरो तुमच्या रकान्याकडे पाहत नाही, आपल्या यादीतून नाव घेतो, त्यामुळे ‘मी बदललं तरी बदलत काहून नाही’ असं झालं तर पहिले तो टिक पहा.

एंडनोटमधे जर्नल्स टर्म लिस्ट असते, प्रत्येक नावासमोर शॉर्ट नावाचे तीन कॉलम. इथे द वाली अन् बिनदवाली दोन्ही नावं आपोआप जमा होत राहतात, त्यातलं चुकीचं काढा, पण यादीतून काढलं म्हणजे रेफरन्समधलं बदललं असं नाही, ते फाइंड अँड रिप्लेसने वेगळं बदलावं लागतं. प्रेफरन्सेसमधे सॉर्टिंगखाली सुरुवातीचे अ, अ‍ॅन, द सोडून द्यायची सोय आहे, ती फक्त क्रम लावण्यापुरती, छापताना द तसाच राहतो.

अन् फाइंड अँड रिप्लेस करताना सांभाळून, आधी लायब्ररीची कॉपी करून ठेवा. द ची तीन इंग्रजी अक्षरं पुढच्या स्पेसशिवाय शोधून उडवली तर व्हेटर्नरीवाल्यांच्या ‘थेरिओजेनोलॉजी’चं ‘रिओजेनोलॉजी’ होतं, कारण तीच तीन अक्षरं त्याच्याही सुरुवातीला आहेत. स्पेस धरून शोधलं तरी ‘प्रोसीडिंग्ज ऑफ द नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेस’च्या पोटातला द जाऊ शकतो. म्हणून पूर्ण नाव टाकून शोधा, ‘द लॅन्सेट’ असं अख्खं, अन् फक्त जर्नलच्याच रकान्यात. सगळ्या रकान्यांत रिप्लेस ऑल मारलं तर पेपरांच्या टायटलांची पण वाट लागते.

लायब्ररी नीट झाली की वर्डमधे रिफ्रेश मारा, एंडनोटवाल्यांनी अपडेट सायटेशन्स. वर्डच्या लिस्टमधे हाताने खोडाखोड करू नका, पुढच्या रिफ्रेशला ती पुसली जाते. लिंक तोडून साधा मजकूर करायचा असेल तर तो अगदी शेवटी, अन् तोही फाइलच्या कॉपीवर.