जुन्या लष्करी रायफलींवरचे शिक्के वाचताना या चुका टाळा

जुनी लष्करी रायफल हातात आली की नजर आधी सालावर जाते. १९४२ दिसलं, म्हणजे रायफल १९४२ ची, विषय संपला. घोळ सुरू होतो तो इथेच. युद्धानंतर हजारो रायफली दुरुस्तीला गेल्या, सुट्या केल्या गेल्या आणि हाताशी असलेल्या भागांतून पुन्हा जोडल्या गेल्या. अशा रायफलीवरचं साल त्या-त्या भागाचं असतं, अख्ख्या रायफलीचं नव्हे. फिनलंडने जुन्या रशियन भागांवर बनवलेल्या एम-३९ रायफलीत बॅरल १९४० च्या दशकातली आणि दस्ता उतरवला की रिसीव्हरच्या (बॅरल आणि बोल्ट ज्यात बसतात तो मधला धातूचा सांगाडा) मागच्या पट्टीखाली झारच्या काळातलं साल, हे नेहमीचंच.

सगळ्यात जास्त माणसं फसतात ती "सगळे नंबर जुळतात", म्हणजे सगळ्या भागांवर एकच अनुक्रमांक आहे, या वाक्याला. सोव्हिएत सैन्याने जप्त केलेल्या जर्मन ९८-के रायफली बघा. त्या सोडवून पुन्हा जोडताना ज्या रायफलीचा बोल्ट (काडतूस आत ढकलणारा सरकता दांडा) तिलाच मिळेल याची कुणी काळजी केली नाही; मिळेल तो बोल्ट बसवला आणि रायफलीचा नंबर त्यावर कोरून टाकला. नंबर जुळतात, पण मूळ जोडी ती नव्हेच. भिंगाखाली फरक कळतो. कारखान्यात ठोकलेला आकडा खोल असतो, कडेला धातू किंचित वर आलेला असतो. विजेच्या पेन्सिलीने (धातूवर कोरायच्या हत्याराने) लिहिलेला आकडा उथळ, थरथरता, जवळून पाहिला तर बारीक ठिपक्यांचा. अनेकदा शेजारीच जुना नंबर रेघ मारून खोडलेला दिसतो. रिसीव्हरवर X, ठोकून बुजवलेले जर्मन गरुडाचे शिक्के आणि दस्त्यावर चकचकीत शेलॅक (लाखेचं पॉलिश) दिसलं की रायफल सोव्हिएत दुरुस्तीतून गेली यात शंका उरत नाही. यात लबाडी नाही, तो त्या रायफलीचा खरा इतिहास आहे. लबाडी असते ती जुना नंबर घासून नवा ठोकण्यात. टॉर्च आडवा धरा, घासलेल्या जागी खळगा दिसतो.

ब्रिटिश ली-एनफिल्ड रायफलीवर 'एफटीआर' आणि साल असेल तर कारखान्यात पूर्ण दुरुस्ती झालेली आहे. ली-एनफिल्डच्याच 'नं. ४ मार्क १/२' या प्रकारातला तो तिरपा आकडा नजरेतून सुटू देऊ नका: मूळ मार्क १ मध्ये ट्रिगर हा त्याच्याभोवतीच्या कडीला, म्हणजे ट्रिगर-गार्डला, अडकवलेला होता, बदलानंतर तो थेट रिसीव्हरला लटकवला. भारतातल्या ईशापूर कारखान्याच्या रायफलींत पुढच्या लाकडातून आरपार गेलेला स्क्रू पाहून अनेकांना ती कुणा हौशी माणसाची डागडुजी वाटते. लाकूड मजबूत करायला तो मुद्दाम बसवलेला असतो.

ईशापूरची २-ए आणि २-ए-१ म्हणजे .३०३ काडतुसाची बदललेली रायफल, हाही तसाच गैरसमज. त्या ७.६२ मिमी काडतुसासाठी नव्यानेच बनवल्या. उलट इस्राएलमध्ये ७.६२ ला बदललेल्या जर्मन माउझरही आहेत, तेव्हा केवळ रायफलीच्या ठेवणीवरून काडतूस ठरवू नका. 'डीपी' हा शिक्का म्हणजे रायफल फक्त कवायतीसाठी. अशी रायफल झाडायची नाही, कुणी कितीही खात्री दिली तरी. इतर जुन्या रायफलीही जाणत्या गनस्मिथने तपासल्याशिवाय झाडू नयेत.

आणि कृपा करून सँडपेपर लांब ठेवा. आधी रायफल रिकामी आहे याची खात्री करा, मग मऊ कापडाने पुसा, शिक्क्यावर पांढरा खडू हलकेच चोळा आणि फोटो काढा. दस्त्यावरचे गोल-चौकोनी तपासणी शिक्के मिलिमीटरभरसुद्धा खोल नसतात. लाकूड 'स्वच्छ' करायच्या नादात पहिल्याच हातात ते उडून जातात.