उरलेल्या हेवी क्रीमचं काय करायचं

डबा उघडला की क्रीम फ्रिजमध्ये जेमतेम आठवडाभर नीट राहतं, तेही दारात नको, आत मागे ठेवायचं कारण दाराशी सारखी गरम हवा लागते. तेवढ्यात संपणार नसेल तर सरळ आइस ट्रेमध्ये ओतून फ्रीझ करा, क्यूब झाले की झिपलॉकमध्ये भरा आणि सूप, सॉस, पास्त्यात एकेक टाकत जा. वितळल्यावर थोडं फाटल्यासारखं, दाणेदार दिसतं, गरम करून ढवळलं की बहुतेक वेळा मिळून येतं, फक्त व्हिप करायला मात्र ते आता उपयोगाचं नाही.

जास्तच उरलं असेल तर माझं मत, लोणी काढा! बीटर चालू ठेवा, आधी घट्ट होईल, मग पिवळट, रवाळ, आणि अचानक पाणी सुटून गोळा येतो, तेव्हा स्पीड कमी करा नाहीतर ओटाभर शिंतोडे. गोळा थंड पाण्यात, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा, ताक आत राहिलं तर लोणी लवकर खवट होतं.

आंबूस वास किंवा बुरशी असेल तर मोह नको, टाकूनच द्या. पण सिंकमध्ये ओतू नका, फॅट पाइपमध्ये थिजून बसतं. जुन्या पेपरात शोषून ओल्या कचऱ्यात टाका.