घरी विमान बांधताय? मग इंजिन निवडताना या चुका टाळा

"कुठलं इंजिन टाकू?" असं विचारणाऱ्याने बहुतेक वेळा इंजिन आधीच बघून ठेवलेलं असतं, आपल्याकडून फक्त हो म्हणवून घ्यायचं असतं. मी राहतो ओहायोत, इथे आमच्या ईएएच्या (घरी विमान बांधणाऱ्यांच्या संघटनेच्या) चॅप्टरमध्ये हे दर मीटिंगला चालतं. आणि पायलट अमोल यादवांनी मुंबईत चारकोपच्या गच्चीवर विमान बांधलं, २०१६ च्या मेक इन इंडिया वीकमध्ये ते बीकेसीत लोकांनी बघितलं, तेव्हापासून भारतातूनही भाचे-पुतणे आणि त्यांचे मित्र विचारायला लागलेत. आनंद आहे. पण प्रश्न तेच आणि चुकाही त्याच, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

पहिली चूक म्हणजे इंजिन आधी आणि विमान नंतर. स्वस्तात मिळालं म्हणून इंजिन घेऊन ठेवायचं आणि मग त्याला शोभेल असं विमान शोधत बसायचं. आमच्या डेटनच्या राइट बंधूंनी आधी हिशोब मांडला, ८ एचपी लागणार आणि वजन १८० पौंडांच्या वर नको, आणि मग गाडीवाल्या कंपन्यांना पत्रं पाठवली. कोणीच दिलं नाही तेव्हा त्यांच्या सायकलच्या दुकानातल्या चार्ली टेलरने सहा आठवड्यांत बनवून दिलं, आणि निघाले १२ एचपी. १९०३ साली ज्यांच्यापुढे नक्कल करायला एकही विमान नव्हतं ते आधी आकडा काढत होते, आणि आपल्याकडे डिझायनरने प्लॅनमध्ये आकडा छापून दिलाय तरी तो कोणी वाचत नाही.

तो आकडा वाचा. व्हॅन्स या किट बनवणाऱ्या कंपनीच्या आरव्ही-९ विमानाला ११८ ते १६० एचपी सांगितलंय, तर लोक म्हणतात १८० टाकू, जास्त असलेलं काय वाईट? वाईट असं की फ्लटरचा, म्हणजे वेगात पंख-शेपटी फडफडून तुटण्याचा, धोका हवेतल्या खऱ्या वेगाशी बांधलेला असतो, आणि उंचीवर गेलं की खरा वेग मीटरवर दिसतो त्यापेक्षा जास्त असतो, मग ताकदीचं इंजिन तुम्हाला नकळत तिथे नेऊन ठेवतं जिथला विचार डिझायनरने केलेलाच नाही. शिवाय वजन. नाकावर १५-२० किलो वाढले की बॅटरी शेपटीकडे न्यायची, तरी जमलं नाही की मागे शिसं बांधायचं, सगळं मिळून एवढं जड होतं की दोन सीटच्या विमानात एक माणूस आणि त्याचा डबा एवढंच मावतं. डिझायनरने सांगितलेलं इंजिन घ्या. माझं मत विचाराल तर लेख इथे संपवला तरी चालेल, पण कोणी ऐकत नाही म्हणून पुढे लिहितोय.

"फक्त ३०० तास चाललंय, जवळपास नवीनच आहे"

हे वाक्य ऐकलं की माझं डोकं उठतं. जुनं इंजिन घ्यायला माझी हरकत नाही, उलट बजेटमध्ये बसवायचं तर तोच रस्ता आहे, पण तासांवरून इंजिनाचं वय काढणं बंद करा. लायकॉमिंग ही विमानाची इंजिनं बनवणारी कंपनी स्वतःच म्हणते की ओव्हरहॉल (इंजिन पूर्ण उघडून नव्यासारखं करणं) २००० तासांनी नाहीतर १२ वर्षांनी, जे आधी होईल ते. लोक पहिला अर्धा भाग वाचतात, दुसरा सोडून देतात.

आमचा एक मित्र, मूळचा सांगलीचा, त्याने आरव्ही-९ साठी लायकॉमिंग ओ-३२० शोधलं. ओव्हरहॉलनंतर ३०० तास, लॉगबुक एकदम टापटीप, किंमत बाजारभावापेक्षा चांगलीच कमी. मी लॉगबुक उघडलं आणि तारखा बघितल्या. ओव्हरहॉल होऊन अठरा वर्षं झालेली, त्यातले जवळजवळ सगळे तास पहिल्या चार वर्षांतले आणि नंतर वर्षाला दोन-तीन तासांच्या नोंदी, तेही फ्लोरिडात, समुद्राजवळच्या हँगरमध्ये. त्याला म्हटलं, एक सिलिंडर काढून कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, बघू दे म्हणावं, नाहीतर सोडून दे. विकणारा म्हणाला सिलिंडर काढू देणार नाही, बोअरस्कोप (बारीक नळीचा कॅमेरा) घालून बघा हवं तर. आमच्या मित्राने बोअरस्कोप घातला, सिलिंडर आतून छान दिसले, दुसरा कोणीतरी घेऊन जाईल या भीतीने दुसऱ्याच दिवशी पैसे दिले.

आता यातली गंमत बघा. प्लगच्या भोकातून बोअरस्कोप घातला की सिलिंडर आणि व्हॉल्व्ह दिसतात, कॅम दिसतच नाही. आणि लायकॉमिंगमध्ये हा कॅमचा दांडा क्रँकशाफ्टच्या (प्रॉपेलर फिरवणाऱ्या मुख्य दांड्याच्या) वर बसलेला असतो, इंजिन बंद पडून राहिलं की तेल हळूहळू खाली निथळून जातं, कॅम कोरडा पडतो, दमट हवेत त्याला आणि टॅपेटच्या (कॅमवर टेकणाऱ्या खुंटीच्या) तोंडाला गंज धरतो. नंतर इंजिन चालू केलं की गंजाच्या जागी बारीक खड्डे पडतात, वरची कडक केलेली कातडी एकदा फुटली की आतलं मऊ पोलाद झिजत जातं आणि तो सगळा चुरा तेलातून इंजिनभर फिरतो.

विमान उडालं, पेढे वाटले, सगळं झालं. पहिल्या ऑइल चेंजला फिल्टर कापला, आतला कागद उलगडून स्वच्छ पेट्रोलमध्ये धुतला आणि ते पेट्रोल पांढऱ्या कॉफी फिल्टरमधून गाळलं. उन्हात धरल्यावर चांदीची पूड शिंपडल्यासारखं चमकत होतं. मी चुंबक जवळ नेलं तर पूड उभी राहिली, म्हणजे पोलाद. ॲल्युमिनियम असतं तर हललं नसतं. मग सिलिंडर काढला, टॉर्च मारली, कॅमच्या दोन लोबांची (उंचवट्यांची) टोकं बोटाला खरखरीत लागत होती. लायकॉमिंगचा कॅम बाहेर काढायचा तर क्रँककेस (इंजिनाचं मुख्य कवच) उघडावीच लागते, आणि केस उघडली की बेअरिंग, ऑइल पंप, सगळंच आलं. शेवटी झालेला खर्च ताज्या ओव्हरहॉलच्या इंजिनाएवढा, आणि उडायचा अख्खा उन्हाळा गेला तो वेगळाच.

त्यामुळे माझी सवय अशी की लॉगबुकात तास नंतर बघतो, आधी तारखा बघतो. दरवर्षी पन्नासेक तास सलग उडालेलं १२०० तासांचं इंजिन मी डोळे झाकून नाही पण अर्धे मिटून घेईन, हँगरमध्ये झोपलेलं ३०० तासांचं घेणार नाही. सिलिंडर काढू देत नाही म्हणतो त्याला नमस्कार करून निघतो. आणि "मी दर आठवड्याला पाच मिनिटं चालू करून ठेवायचो" असं कोणी कौतुकाने सांगितलं तर किंमत अजून कमी करा, कारण पाच मिनिटांत तेल पाणी उडून जाण्याइतकं तापत नाही, उलट जळणातून तयार झालेली वाफ आत साठते.

प्रॉप (प्रॉपेलर) कधी जमिनीला लागला होता का, हे तोंडी नाही तर लेखी विचारा. लागला असेल तर लायकॉमिंगच्या क्रँकशाफ्ट गिअरची तपासणी सक्तीची आहे आणि त्याची नोंद दिसली पाहिजे.

"मारुतीचं बसेल का?"

भारतातून येणारा हा लाडका प्रश्न, इथल्या लोकांचं सुबारूवर प्रेम. बसतं, कशालाही काहीही बसवता येतं. जिओ मेट्रोमधलं सुझुकीचं तीन सिलिंडरवालं लोकांनी उडवलंय, फोक्सवॅगन बीटलचं आणि शेवरोले कॉर्व्हेअरचं तर वर्षानुवर्षं उडतंय, बर्नार्ड पिटनपोलने १९२९ मध्ये फोर्ड मॉडेल ए चं इंजिन लावून आपलं एअर कँपर उडवलं. त्यामुळे गाडीचं इंजिन म्हणजे पाप असं मी म्हणत नाही. पण ज्यांचं यशस्वी होतं ते बहुतेक जण आधी कोणीतरी शेकडो तास उडवलेलं कन्व्हर्जन नटबोल्टसकट जसंच्या तसं उचलतात. ज्यांचं फसतं त्यांना स्वतःचं डोकं लावायचं असतं, तेही पहिल्याच विमानात.

गाडी हायवेला शंभरच्या स्पीडने पळते तेव्हा इंजिन वीसेक एचपी देत असतं. विमानात टेकऑफला पूर्ण ताकद आणि मग तासन्‌तास ६५-७५ टक्के. शिवाय गाडीचं इंजिन ताकद देतं वरच्या आरपीएमला आणि प्रॉपला ते चालत नाही. ७२ इंची प्रॉप २७०० आरपीएमला फिरवला की टोक सेकंदाला साधारण २५८ मीटरने जातं, तोच सरळ ५८०० ला फिरवलात तर ५५० च्या वर, आणि आवाजाचा वेग आहे ३४०. म्हणजे मध्ये फेरे कमी करणारा रिडक्शन ड्राइव्ह आलाच, आणि इंजिन, ड्राइव्ह, प्रॉप या तिघांची थरथर एकमेकांशी जुळली की शाफ्ट तुटतात. ही भानगड अनुभवी कंपन्यांना जड जाते, तुम्ही-आम्ही शनिवार-रविवारात काय सोडवणार?

आमच्या हँगरच्या ओळीत एकाने असं एक बसवलं. इंजिन अगदी फुकटात, भंगारातल्या गाडीतून. टॅक्सी करतानाच, म्हणजे जमिनीवर चालवतानाच, पाणी उकळायला लागलं, म्हणून त्याने मोठा रेडिएटर आणला. तरी तेच, म्हणून कौलिंगचं (इंजिनावरच्या झाकणाचं) पुढचं भोक मोठं केलं, तर गरम आणखीच व्हायला लागलं. मी आणि अजून दोघं सांगून दमलो की बाबा हवा आत शिरतेय पण बाहेर कुठे जाणार, मागचं तोंड मोठं कर. पुढून कोंबलेली हवा मागून निघालीच नाही तर ती रेडिएटरमधून जातच नाही, पुढच्या पुढे अडून राहते आणि बाजूने सांडते. शेवटी खालचं तोंड रुंद केलं, ओठाला पत्रा लावला, तापमान खाली आलं. तोवर कौलिंग तीनदा नवीन बनलेलं, इलेक्ट्रिक फ्युएल पंप एकच होता तो दोन करावे लागले, मग त्यांच्यासाठी दुसरी बॅटरी, आणि फुकटातल्या इंजिनावर जुन्या लायकॉमिंगएवढा खर्च झालेला. आता विकायला काढलंय, घेणारा फोन करतो, इंजिनाचं नाव ऐकतो आणि ठेवतो.

स्वस्त पडेल म्हणून गाडीचं इंजिन लावू नका. खटपट करायला मजा येते म्हणून लावत असाल तर खुशाल लावा. पैसे वाचतील हे मात्र डोक्यातून काढा.

रोटॅक्सवाल्यांसाठी

हलक्या विमानाला रोटॅक्स ९१२ हे उत्तम इंजिन आहे, भारतात तर मी तेच सुचवेन, एनसीसीच्या व्हायरस नावाच्या ट्रेनिंग विमानांत तेच आहे म्हणजे त्याला हात लावलेले लोक तरी सापडतील. पण लायकॉमिंगची सवय असलेली मंडळी ५००० च्या वर काटा गेला की घाबरतात, "किंचाळतंय" म्हणून प्रॉपची पिच (पात्यांचा कोन) वाढवून ठेवतात आणि इंजिनाला कमी आरपीएमला रेटतात. ९१२ यूएलएस ५५०० ला दिवसभर चालण्यासाठीच बनवलंय, प्रॉप २.४३ च्या गिअरबॉक्समुळे जेमतेम २२६० ला फिरत असतो. त्याला पळू द्या. दोन कार्ब्युरेटर सिंक करायला शिका. रबरी होस पाच वर्षांनी बदला, दिसायला चांगले असले तरी. बाकी मॅन्युअल वाचा, खरंच छान लिहिलंय.

किरकोळ, पण दर वर्षी दिसणाऱ्या

किट सुरू करतानाच इंजिन मागवू नका. पाच वर्षं पंख बनवताय आणि कोपऱ्यात इंजिन पडलंय, वॉरंटीही गेली आणि वर कॅमचं काय होतं ते सांगितलंच.

जवळचा मेकॅनिक ज्या इंजिनाला हात लावायला तयार नाही ते घेऊ नका.

इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल रोटॅक्सला १० टक्क्यांपर्यंत चालतं, लायकॉमिंगला कंपनी चालवू देत नाही. पंपावर काय मिळतं ते आधी बघा, मग इंजिन ठरवा.

इंजिन निवडलं की फ्युएल सिस्टिम त्याच्या मापाची करा. अमेरिकेत अपघातांचा तपास करणाऱ्या एनटीएसबीने २०१२ साली घरी बांधलेल्या विमानांच्या अपघातांचा अभ्यास केला, त्यात सर्वात जास्त दिसलेल्या दोन कारणांपैकी एक पॉवरप्लांट बंद पडणं हे होतं, आणि पॉवरप्लांट म्हणजे नुसतं इंजिन नाही, टाकी ते कार्ब्युरेटर सगळं त्यात आलं. गायक जॉन डेन्व्हर १९९७ मध्ये ज्या लाँग-ईझी या घरी बांधलेल्या विमानाच्या अपघातात गेला त्याचं इंजिन धडधाकट होतं, टाकी बदलायचा व्हॉल्व्ह बांधणाऱ्याने पायलटच्या डाव्या खांद्यामागे, सहज हात न पोचणाऱ्या जागी बसवला होता.

टेस्ट सोपी आहे तरी लोक टाळतात. शेपूट खाली करून, जेवढ्या कोनात विमान जास्तीत जास्त चढेल तेवढं नाक वर करा, टाकीत अगदी थोडं पेट्रोल ठेवा, कार्ब्युरेटरजवळ पाइप काढून बादलीत सोडा आणि घड्याळ लावा. नुसत्या उतारावर चालणारी सिस्टिम असेल तर टेकऑफला लागतं त्याच्या दीडपट आलं पाहिजे, पंप असेल तर सव्वापट. १६० एचपीचं इंजिन टेकऑफला तासाला साधारण ५० लिटर पितं, म्हणजे पंपवाल्या विमानात मिनिटाला एक लिटरच्या थोडं वर. बादली भरत नसेल तर इंजिनाला नावं ठेवू नका.

आणि नवीन किंवा ताज्या ओव्हरहॉलचं इंजिन लावलं की पाहुण्यांना दाखवायला हँगरबाहेर चालू करून बसू नका. नवीन रिंगा सिलिंडरला बसायला दाब लागतो, तो ७० टक्के ताकदीला उडताना मिळतो, जमिनीवर आयडलला (नुसतं घरघरत ठेवून) नाही. आयडलला सिलिंडरच्या भिंतीवर तेलाची काच चढते, रिंगा कधी बसतच नाहीत आणि मग इंजिन जन्मभर तेल पितं. पाहुण्यांना तोवर चहा पाजा, इंजिन उडताना दाखवा.