पणजीचं माहेर कसं शोधायचं (ठाण्याकडच्या लोकांसाठी)

इंग्रजांच्या काळातल्या पणजीचे आईवडील शोधताना खरा घोळ नावाचा होतो, लग्नात आडनाव तर बदलायचंच पण बऱ्याच घरात पाळण्यातलं नावही बदलायचे, त्यामुळे सासरच्या नावाने तिचा जन्म शोधत बसू नका.

आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, आजोबांचे मामा कोण, कुठल्या गावचे? मग तिच्या पहिल्या मुलाचं जन्मगाव काढा. पहिलं बाळंतपण शक्यतो माहेरी व्हायचं, म्हणजे ते गाव बहुतेक तिचंच. आता तहसील ऑफिसच्या रेकॉर्ड रूममध्ये अर्ज करून त्या गावचा नमुना १४ म्हणजे कोतवाल बुक मागा, जन्ममृत्यूच्या नोंदी त्यात मिळतात. जुनी पानं मोडीत असतात, नक्कल घेऊन मोडी जाणणाऱ्याकडून नीट वाचून घ्या.

माझ्या मते सगळ्यात भक्कम कागद फेरफार, म्हणजे जमिनीच्या मालकीतल्या बदलाची नोंद. १९५६ ला हिंदू वारसा कायदा आला, त्यानंतर तिचे वडील किंवा आई वारली असेल आणि नावावर जमीन असेल तर वारसनोंदीत मुलींची नावं सापडू शकतात, तीही सासरच्या नावाने, आणि भावांसाठी हक्कसोड, म्हणजे आपला वाटा सोडून देणं, केलं असेल तर तेही. बाप आणि नवरा दोघांची नावं एकाच जागी! त्याआधीच्या फेरफारात मुली क्वचितच दिसतात.

घर ख्रिश्चन असेल तर सरळ चर्चचं बाप्तिस्मा रजिस्टर बघा, आईवडिलांची नावं तिथेच असतात. नाहीतर त्र्यंबकेश्वरच्या पुरोहितांच्या वंशावळीच्या वह्या, पण तिथे माहेरचं आडनाव आणि मूळ गाव घेऊनच जा.