ड्रायव्हिंगसाठी मानसिक फिटनेस: तपासणीला जाताना काय न्यायचं, काय सांगायचं

मानसोपचार सुरू आहेत आणि घर गाडीवर चालतं, अशांसाठी हे लिहितेय. मी कोल्हापुरात ड्रायव्हिंग स्कूल चालवते, त्यामुळे आरटीओचे कागद रोज हातातून जातात. माझा थोरला भाऊ दुधाची गाडी चालवतो. त्याला बायपोलर (मन कधी फार चढतं, कधी फार खचतं असा आजार) आहे आणि त्याच्या फिटनेसच्या तपासणीला मी सोबत होते. दादाला विचारूनच त्याच्याबद्दल सांगतेय.

आधी कायद्याचं. लायसन्सच्या अर्जात फॉर्म १ वर आपणच लिहून देतो: फिट (आकडी) येते का, अचानक शुद्ध हरपते का, चक्कर येते का, गाडी चालवणं धोक्याचं होईल असा दुसरा काही आजार आहे का. बहुतेक जण न वाचता सगळीकडे ‘नाही’ लिहून सही करतात. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी तो फॉर्म मोठ्यानं वाचून दाखवते, मग वेळ लागला तरी चालेल. व्यावसायिक लायसन्सला आणि चाळिशीनंतर फॉर्म १ए लागतो, तो डॉक्टर भरतात. मनाचा आजार असेल तर नुसते डोळे आणि हातपाय बघून तो भरून घेऊ नका. मानसोपचारतज्ज्ञाचं पत्र आधी घ्या आणि ते फॉर्म भरणाऱ्या डॉक्टरांपुढे ठेवा.

आजाराचं नाव निघालं की लायसन्स गेलं, ही भीती मनातून काढा. मोटार वाहन कायदा बघतो तो धोका: या माणसाच्या आजारामुळे रस्त्यावर कुणाच्या जिवाला अपाय होईल का? २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातही स्पष्ट आहे की पूर्वी उपचार घेतले किंवा दवाखान्यात भरती होता, एवढ्यावरून आज तुम्हाला मनोरुग्ण ठरवता येत नाही. म्हणून तपासणीचा सगळा भर आजच्या तब्येतीवर आणि तुमच्या कामावर असतो.

पहिल्यांदा तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जा, त्यांना तुमचा चढउतार माहीत असतो. खाजगी परवडत नसेल तर कोल्हापूरचा आपला थोरला दवाखाना, म्हणजे सीपीआर हे सरकारी रुग्णालय, आहेच. तिथं मानसोपचार विभागाची ओपीडी असते. डिस्चार्ज कार्ड, जुन्या चिठ्ठ्या आणि चालू गोळ्यांच्या पट्ट्या सोबत न्या. गोळ्यांची नावं तोंडपाठ सांगू नका, पट्ट्याच टेबलावर ठेवा. लिथियम (मनाचे चढउतार आवरणारी गोळी) चालू असेल तर रक्तातल्या पातळीचा ताजा रिपोर्ट हवा. ते रक्त शेवटची गोळी घेतल्यावर बारा तासांनी द्यायचं असतं, सकाळची गोळी रक्त देऊन झाल्यावर घ्यायची.

आणि एक कागद घरीच लिहून न्या. माझ्या मते सगळ्यात कामाचा तोच. गाडी कुठली, रूट कुठला, घाट लागतो का, निघता किती वाजता, परत किती वाजता, सलग किती तास स्टिअरिंगवर असता, गेल्या वर्षात कुठं घासली-ठोकली का, गोळी किती वाजता घेता. दादाच्या कागदावर होतं: रात्री अकराला क्वेटियापीन (त्याच्या आजारावरची, झोप आणणारी गोळी), पहाटे साडेतीनला गाडी सुरू, गगनबावड्याकडचा रूट. डॉक्टर मॅडमनी त्या दोन वेळांखाली पेनानं रेघ मारली आणि विचारलं, “पहिल्या तासात डोळे जड होतात का?” दादा म्हणाला, “न्हाई वो, चहा घेतला की झालं.” शेजारी वहिनी होती. ती म्हणाली, “मॅडम, किल्ली हातात असत्या आणि घरभर किल्ली हुडकत्यात.” त्या एका वाक्यावर सगळी तपासणी फिरली. मॅडमनी गोळीची वेळ संध्याकाळी आठ केली आणि पहाटेची खेप महिनाभर बंद सांगितली. (गोळीची वेळ आपल्या मनानं बदलू नका. गोळी एकदम बंद करणं तर त्याहून वाईट.)

म्हणून घरचं माणूस न्याच. आपली झोप, चिडचिड, वेग हे आपल्यापेक्षा बायकोला, आईला जास्त दिसतं.

आत काय विचारतात? झोप, दारू, गांजा, रागाच्या भरात कुणाला कट मारला का, हॉर्न वाजवणारे मुद्दाम मागे लागलेत असं वाटतं का, कानात आवाज येतात का. गाडी दरीत घालावी असं कधी मनात आलं का, हेही विचारतात. दचकू नका, खरं सांगा. हा प्रश्न तुमच्या जिवासाठी असतो. लक्ष तपासायला शंभरातून सात-सात वजा करायला लावतात, महिने उलटे म्हणायला सांगतात. वयस्कर माणसाला कागदावर घड्याळाचं चित्र काढून काटे लावायला सांगतील, कारण विसराळूपणाची सुरुवात तिथं दिसते. शाळा कमी झाली असेल तर तसं आधीच सांगा, डॉक्टर दुसऱ्या पद्धतीनं तपासतात.

मनाच्या आजाराचा मोठा अटॅक येऊन गेला असेल तर थांबावंच लागतं. ब्रिटनमध्ये सायकोसिस (भास-भ्रम होणं) किंवा मॅनियानंतर (मन बेफाम चढणं) साध्या गाडीला निदान ३ महिने आणि ट्रक-बसला १२ महिने तब्येत स्थिर असावी लागते. आपल्याकडे डॉक्टर माणूस आणि गाडी बघून ठरवतात, पण अवजड गाडीला जास्त थांबायला लावलं तर वाद घालू नका. उसाच्या हंगामात दोन ट्रॉल्या मागे घेऊन जाणाऱ्याला एका क्षणाची डुलकीही परवडत नाही.

पत्र हातात आल्यावर तिथंच वाचा. कुठल्या प्रकारच्या गाडीसाठी फिट, काही अट आहे का (रात्री नको, घाट नको), पुढची तपासणी कधी, एवढं त्यात हवं. मालकाला द्यायच्या पत्रात आजाराचं नाव घालायची गरज नसते. तुमची माहिती गुप्त राहणं हा तुमचा हक्क आहे, तसं डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

‘अनफिट’ आलं तर गाडी उभी करा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८६ खाली अशा अवस्थेत गाडी चालवल्याचा पहिला दंड १००० रुपयांपर्यंत आहे, पण दंडाची ती रक्कम तुमच्या मागे बसलेल्या पोराच्या जिवापुढे काहीच नाही. आरटीओनं लायसन्स नाकारलं किंवा रद्द केलं तर आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत अपील करता येतं, त्यामुळे आदेशाचा कागद आणि मिळाल्याची तारीख जपून ठेवा. मधल्या काळात मालकाशी बोलून गाडी न चालवता करायचं काम मागा. दादानं तो महिना गाडी भरून देणं आणि कॅनचा हिशोब बघितला, पगार कमी आला पण चूल पेटती राहिली.

फिट मिळाल्यावरही डोस वाढला किंवा गोळी बदलली की पहिले काही दिवस स्टिअरिंगला हात लावू नका, डॉक्टरांना विचारून मगच सुरू करा. सर्दीची गोळी घेण्याआधी मेडिकलवाल्याला चालू गोळ्यांची नावं सांगा, कारण सर्दीच्या बऱ्याच गोळ्या झोप आणतात. लिथियमवाल्यांनी एप्रिल-मेमध्ये केबिनमध्ये पाण्याची बाटली ठेवाच. अंगातलं पाणी कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढतं. हात थरथरायला लागले, तोल जायला लागला, जुलाब सुरू झाले, तर गाडी बाजूला घेऊन दुसऱ्याला बोलवा आणि सरळ दवाखाना गाठा. रात्री-अपरात्री मन फार बिघडलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं.