परतलात भारतात आणि अमेरिकेतल्या बँक खात्यावर आयआरएसची जप्ती: या चुका टाळा

खात्यात शिल्लक दिसते, पण पैसे निघत नाहीत. थकीत करासाठी आयआरएसने, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय कर खात्याने, जप्ती आणली की असं होतं. पैसे मात्र लगेच जात नाहीत. बँक ते २१ दिवस रोखून ठेवते आणि मग आयआरएसला पाठवते. एकदा गेलेली रक्कम परत मिळवणं फार अवघड, म्हणून जे काही करायचं ते या २१ दिवसांत.

बँकेशी वाद घालण्यात दिवस घालवू नका. आदेश पाळण्यावाचून तिला गत्यंतर नसतं. तिच्याकडून आदेशाची प्रत, तो मिळाल्याची तारीख आणि जप्तीचं काम पाहणाऱ्या विभागाचा फॅक्स नंबर एवढंच घ्या. आदेश कोणाचा आहे तेही नीट पाहा. कॅलिफोर्निया राज्याच्या कर खात्याचा असेल, तर हाताशी फक्त १० दिवस असतात.

आयआरएसचे टोल-फ्री नंबर भारतातून लागतीलच असं नाही. परदेशातल्या करदात्यांसाठी +१-२६७-९४१-१००० हा नंबर आहे. सोमवार ते शुक्रवार, उन्हाळ्यात आपल्या दुपारी साडेतीनपासून, हिवाळ्यात साडेचारपासून. नुसतं ‘पैसे सोडा’ म्हणून भागत नाही. जप्तीमुळे घरखर्च चालत नसेल तर फॉर्म ४३३-एफमधले आकडे तयार ठेवा: उत्पन्न, घरभाडं, औषधं, कर्जाचे हप्ते, पुराव्यासकट. हप्त्यांनी भरायचं असेल तर आधी राहिलेली विवरणपत्रं भरा. त्याशिवाय हप्ते मंजूर होत नाहीत. विनंती मान्य झाली की सुटकेचा फॉर्म ६६८-डी थेट बँकेला फॅक्स करायला सांगा. टपालाच्या भरवशावर राहिलात तर मुदत तिथेच संपते.

थकबाकी खरी आहे का, हे बहुतेक जण तपासतच नाहीत, आणि आम्हाला सर्वांत घातक चूक हीच वाटते. कंपनीने दिलेले शेअर तुम्ही ४०,००० डॉलरना विकले. ते हातात आले तेव्हाची ३८,००० डॉलर किंमत पगारात धरून त्यावर कर कापला गेला होता. नफा २,०००चा. पण तुम्ही विवरणपत्रात विक्री दाखवली नाही आणि ब्रोकरने खरेदीची पूर्ण किंमत कळवली नाही, तर आयआरएस सगळे ४०,००० नफा धरू शकते. अशा वेळी ब्रोकरचं स्टेटमेंट आणि त्या वर्षीचा डब्ल्यू-२ (पगार आणि कापलेल्या कराचा कंपनीने दिलेला दाखला) जोडून फेरतपासणी मागा.

नोटिसा जुन्या भाड्याच्या घरी जात राहतात, आणि शेवटच्या नोंदलेल्या पत्त्यावर पाठवलेली नोटीस हातात पडली नाही तरी कायद्याने ग्राह्य असते. अमेरिका सोडतानाच पत्ता बदलाचा फॉर्म ८८२२ भरा. नोंद व्हायला ४ ते ६ आठवडे लागतात.

जप्तीपूर्वीची अंतिम नोटीस एलटी११ किंवा पत्र १०५८ या नावाने येते. फॉर्म १२१५३ भरून सुनावणी मागायला ३० दिवस मिळतात. परदेशात राहणाऱ्यांना करनिश्चितीच्या नोटिशीवर, म्हणजे वाढीव कर ठरवणाऱ्या आधीच्या नोटिशीवर, कर न्यायालयात जायला १५० दिवस मिळतात, म्हणून इथेही सवलत असेल असं लोक धरून चालतात. ती नाही. करनिश्चितीची नोटीस मिळालीच नसेल, तर या सुनावणीत मूळ करालाही आव्हान देता येतं.

जप्ती त्या क्षणीच्या शिलकीवर असते. नंतर जमा झालेले पैसे तिच्यात येत नाहीत, मात्र नवा आदेश निघू शकतो. खातं संयुक्त असेल तर जोडीदाराचे पैसेही अडकतात. चूक आयआरएसचीच ठरली, तर बँकेने कापलेलं शुल्क फॉर्म ८५४६ भरून एका वर्षाच्या आत मागता येतं.