लंडनला निघालात? निदान या चुका तरी टाळा

जळगाव-भुसावळकडून लंडनला जाणारे हल्ली वाढलेत. कुणाचा मुलगा तिकडे नोकरीला, कुणाची मुलगी शिकायला. निघायच्या आधी लोक माझ्याकडे येऊन बसतात, चहा घेतात, सगळं ऐकून मान हलवतात आणि तिकडे जाऊन नेमकं नको तेच करतात. म्हणून आता लिहूनच ठेवतो. पुढच्याला हाच कागद देईन.

पहिली चूक तर लंडनच्या कितीतरी अलीकडे होते. रात्रीच्या गाडीने भुसावळ सोडायचं, सकाळी मुंबई गाठायची आणि त्याच दिवसाचं विमान धरायचं. पावसाळ्यात कसारा घाटात गाड्यांचं काय होतं हे खान्देशातल्या माणसाला सांगायला हवं का? तरी "काही होत नाही भो" म्हणत निघतात. आदल्या दिवशी मुंबईला पोहोचा, पाहुण्यांकडे मुक्काम करा.

युरोपच्या सहलीला जोडून लंडन उरकणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवा: शेंगेन व्हिसावर, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसावर, ब्रिटनमध्ये शिरता येत नाही. त्याचा व्हिसा वेगळा, पैसे वेगळे.

आता कार्डाचं. यावर जरा लांबण लावणार आहे, कारण सगळ्यात जास्त पैसे इथे जातात. लंडनच्या भुयारी रेल्वेला, म्हणजे ट्यूबला, खिडकीवर उभं राहून तिकीट काढावं लागत नाही. गेटवरच्या पिवळ्या गोलाला बँकेचं कॉन्टॅक्टलेस कार्ड (नुसतं टेकवून पैसे कापणारं) टेकवायचं की गेट उघडतं. उतरल्यावर बाहेर पडताना पुन्हा टेकवायचं. भाडं आपोआप कापलं जातं आणि दिवसाच्या भाड्याला कमाल मर्यादा आहे, तिच्यापुढे कितीही फिरा. सोय इतकी छान आहे की लोकांना ती समजून घ्यावीशीच वाटत नाही.

आमच्या ओळखीतले एक आबा मुलाकडे गेले होते. मुलाने आपल्या खात्याचं कार्ड आबांना दिलं आणि वर सोय म्हणून तेच कार्ड आबांच्या फोनमध्येही घालून दिलं. सकाळी आबा कार्ड टेकवून आत शिरले. गाडीत थंडी वाजली म्हणून जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढली. उतरल्यावर कार्ड राहिलं आतल्या बंडीच्या खिशात, मागे माणसांची रांग, म्हणून आबांनी हातातला फोन टेकवला. गेट उघडलं. आबा खूश. दिवसभर हेच चाललं: कधी कार्ड, कधी फोन, जे हाताला लागेल ते. पण त्या यंत्राच्या लेखी कार्ड आणि फोन हे दोन वेगळे प्रवासी. एक आत गेला तो बाहेर आलाच नाही, दुसरा बाहेर आला पण आत कधी गेला त्याचा पत्ता नाही. अशा अर्धवट प्रवासाला सगळ्यात जास्त भाडं लागतं, तेही दोघांना. रात्री मुलाने खातं उघडलं तेव्हा आबा म्हणाले, "मशीन बिघडलं असेल."

दुसरा प्रकार त्याहून जुना. आबांनी टेकवलेलं कार्ड मागे वळून जिजींच्या हातात द्यायचं. गेट उघडत नाही, जिजी अडकतात, मागचे लोक तोंडाने काही बोलत नाहीत पण बघतात. एका माणसाला एकच कार्ड, आणि जे टेकवून आत गेलात तेच टेकवून बाहेर. अकरा वर्षांखालची पोरं मोठ्यांबरोबर ट्यूबमध्ये फुकट जातात, त्यांची काळजी नको. मी प्रत्येकाला भुसावळ-जळगाव अपडाऊनवाल्यांकडे असतं तसं पासाचं प्लॅस्टिकचं पाकीट दोरीने गळ्यात घालायला लावतो. लाज वाटते म्हणतात. वाटू द्या.

बसमध्ये फक्त चढताना टेकवायचं. नोटा काढून ड्रायव्हरपुढे धरू नका, तिथल्या बसने २०१४ पासून रोख घेणं बंद केलंय. दुकानात मशीनने "पाउंड की रुपये?" विचारलं तर पाउंड दाबा. रुपये बघून जिवाला बरं वाटतं, पण तो दर आपल्या फायद्याचा नसतो.

ट्यूबचा नकाशा म्हणजे अंतराचा नकाशा नव्हे. हॅरी बेकने तो काढला तोच मुळी अंतरं बाजूला ठेवून, आणि १९३३ पासून लोक त्यावरच फिरताहेत. लेस्टर स्क्वेअर ते कॉव्हेंट गार्डन हे अंतर जेमतेम अडीचशे मीटर आहे, तेवढ्यासाठी लोक जिने उतरतात, गाडी धरतात, पुन्हा चढतात. चाला की! सरकत्या जिन्यावर मात्र उजवीकडे उभे राहा, डावी बाजू घाईवाल्यांची.

घाईवाल्यांवरून आठवलं. एका दिवसात बकिंगहॅम राजवाडा, टॉवर, ग्रीनिच आणि ब्रिटिश म्युझियम असा कार्यक्रम आखणाऱ्यांना मी आता सल्ला देत नाही, नुसता चहा देतो. राजवाड्यावरचा पहारेबदल रोज नसतो, वार बघून जा. म्युझियमला प्रवेश फुकट आहे म्हणून तासाभरात धावत बघायचं असं कुठे लिहिलंय? फुकट आहे म्हणूनच दोनदा जाता येतं.

आणि आपल्या माणसांनी व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम सोडलं की मला खरंच राग येतो. रॉबर्ट गिल या कंपनी सरकारच्या फौजेतल्या अधिकाऱ्याने वर्षानुवर्षं अजिंठ्यात बसून चित्रांच्या नकला केल्या. त्यातल्या बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. त्या गिलची कबर आपल्या भुसावळात आहे. पुढे मुंबईच्या कलाशाळेतले शिक्षक ग्रिफिथ्स यांनी तिथल्या विद्यार्थ्यांकडून पुन्हा नकला करवून घेतल्या, त्यांतल्याही काही जळाल्या. उरल्या त्या या म्युझियमकडे आहेत. सगळ्या भिंतीवर लावलेल्या नसतात, म्हणून जाण्याआधी त्यांच्या संकेतस्थळावर बघून ठेवा. प्रवेश इथेही फुकट. तसंच चॉक फार्म स्टेशनजवळ किंग हेन्रीज रोडवर १० नंबरचं घर, जिथे बाबासाहेब १९२१-२२ मध्ये राहिले. महाराष्ट्र सरकारने ते २०१५ साली घेतलं. मेणाच्या पुतळ्यांसाठी रांगेत उभे राहणाऱ्यांना इथे यायला वेळ नसतो.

पेढे, खवा, तूप नेऊ नका, भारतातून दुधाचे पदार्थ न्यायला तिथे बंदी आहे. कळण्याचं पीठ, बिबडे, मसाला खुशाल न्या. पण मुक्कामाच्या खोलीत तव्यावर मिरच्या भाजायला घेऊ नका. धुराचा भोंगा वाजला की अख्खी इमारत रस्त्यावर येते.

राहता राहिला प्लग. ब्रिटनला तीन चौकोनी पिनांचा लागतो. अडॅप्टर विमानतळावर घेऊ नका, इथे फुले मार्केटमध्ये घ्या. आणि दोन घ्या, एक हॉटेलच्या भिंतीतच राहून जातो.